घाण्याचं मुसळ आणि मागचं चाक

गाडी उंच करून द्या, असं म्हणत माझ्याकडे कधी कुणी आलं नाही. आले ते सगळे खाली करायला. ओतूरला रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, मधे एक खड्डा, बाहेर लिंबाचं झाड. दोन हजार सालाच्या आगेमागे आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पोरांना हे वेड लागलं. टीव्हीवर बघायचे, पुण्याला जाऊन बघून यायचे आणि माझ्यापुढे उभे राहायचे. "भाऊ, गाडी रोडला चिकटली पायजे." मी म्हणायचो, "चिकटवतो की राव! पण वेशीवरचा स्पीडब्रेकर काय तुझा सासरा उचलून घेणार हाय का?" हसायचे आणि तरीही करून घ्यायचे.

एका पठ्ठ्यानं गावच्या यात्रेत मिरवायला म्हणून गाडी खाली करून घेतली. देवळापुढच्या गटारीच्या फरशीवर ती अशी बसली की मागून आलेली पालखी थांबली. शेवटी पालखीच्या भोयांनीच गाडी उचलून बाजूला ठेवली. पुढं बरेच दिवस तो पठ्ठ्या गावात दिसला नाही.

गाडी खाली करणं ही काही मोठी विद्या नाही. पुढं स्प्रिंग असते, ती आखूड घालायची. मागं एकावर एक रचलेले लोखंडी पाटे असतात, त्यातला एखादा काढायचा, नाहीतर एक्सल आणि पाट्यांच्या मधे लोखंडी ठोकळा बसवायचा. कुणीही करील. खरी कटकट त्यानंतर सुरू होते. चाक होतं तेवढंच राहतं आणि त्याच्यावरचं छप्पर खाली आलेलं असतं. मडगार्डच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक दुमडलेली कड असते. तिला धार असते. खड्ड्यात गाडी दबली की ती कड टायरच्या खांद्याला लागते. आधी नुसता आवाज येतो, खर्र खर्र. मग रबराचा वास येतो. मग टायरच्या आतली तार दिसायला लागते. त्यापुढं तुम्ही आणि तुमचं नशीब.

चाक नेमकं कुठं घासतंय ते शोधायची माझी एक रीत होती. टायरच्या खांद्याला ओला गेरू फासायचा, गाडीत माणसं भरायची आणि उखडलेल्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणायची. जिथं लागलं तिथं पत्र्याला लाल ठसा. माणसं शोधायला लांब जावं लागत नसे. शेजारी चहाची टपरी होती. मी हाक मारायचो, "चला रे, वजन द्यायला या!" आणि चार-पाच जण चहाचा ग्लास हातात घेऊनच गाडीत बसायचे. रिकाम्या गाडीत चाक कधी घासत नाही, आणि आमच्याकडे गाडी रिकामी कधी जात नाही. धंद्याची एवढीच गोष्ट मी नव्या कारागिरांना सांगत आलो.

आता दत्तोबाची हकिकत. ती सांगायची म्हणूनच लिहायला बसलोय.

दत्तोबा येडगावचा, धरणाच्या कडेचा बागाईतदार. डोक्याला टोपी, वय पन्नाशीच्या पुढं. एक दिवस सकाळी नवीकोरी पांढरी व्हॅन घेऊन आला, सरकत्या दाराची. म्हणाला, "भाऊ, ही खाली करून पायजे." मला हसूच आलं. म्हटलं, "काय दत्तोबा, ह्या वयात तुमाला बी रोडला चिकटायचंय का?" टपरीवरचे फिदीफिदी हसले. दत्तोबा हसला नाही.

"आमच्या मंडळीला गाडीत बसता येत न्हाई," तो म्हणाला.

मी हातातला पाना खाली ठेवला. त्याला खड्ड्याजवळच्या बाकावर बसवला आणि चहा सांगितला.

त्याची बायको ताराबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर धरून घरात फिरायची, पण पाय वर उचलत नव्हता. व्हॅनमध्ये बसायचं तर पाठमोरं सरकत यायचं, सीटच्या कडेला टेकायचं आणि मग कुणीतरी पाय आत घ्यायचे. सीट तिला वीतभर उंच पडायची. एकदा पायाखाली लाकडी पाट ठेवून बघितला. पाट सटकला आणि बाई मोडलेल्या खुब्याच्याच अंगावर आपटली. तेव्हापासून गाडी दिसली की तिला कापरं भरायचं. चौघांनी उचलून ठेवतो म्हटलं तर रडायची, "मी काय कांद्याची गोण हाय का उचलायला?"

तिचं माहेर तळेघर, भीमाशंकरच्या वाटेवर. तिथं तिची आई काशीबाई अंथरुणाला खिळलेली. म्हातारीला खाली आणायचा विषय निघाला तर ती घराचा उंबरा सोडायला तयार नाही. ताराबाईचा भाऊ किसन निरोप पाठवायचा, आई ताराला विचारतीय. दर निरोपाला तेच. "परवाच्या निरोपात निराळं व्हतं," दत्तोबा म्हणाला. "आता विचारायची बी बंद झालीया म्हणला." एवढं बोलून त्यानं टोपी काढून हातात घेतली. "वीतभर खाली करून दे भाऊ. मंग गाडीचं काय बी होऊ दे. एकदा तिला आईपशी न्यायची हाय."

मी व्हॅनखाली शिरलो आणि बराच वेळ तिथंच पडून राहिलो. वीतभर म्हणजे फार झालं. वीतभर खाली आणलेली गाडी डिंभ्याच्या पुढं नेणं म्हणजे फरशीवर बसलेल्या त्या पठ्ठ्यासारखी गत. पण काहीतरी करणं भाग होतं. मग मी वीत वाटून घेतली. सीटचा लोखंडी सांगाडा कापून थोडी उंची तिथून काढली, गाडीला सोसेल तेवढी पाट्यांतून काढली. टायर एक नंबर अरुंद घातले. टपरीवरचा सगळ्यात जाडजूड गिऱ्हाईक, मिठाईवाला हलवाई, त्याला ताराबाईच्या जागेवर बसवला आणि गेरू लावून फिरलो. पहिल्या फेरीला मागच्या डाव्या बाजूला ठसा आला. ठोकळा बदलला, गाडी दबताना आडवं येणारं बफरचं रबर जाड घातलं. दुसऱ्या फेरीला पत्रा स्वच्छ. मडगार्डची कड मुडपून टाकली असती तर मी निर्धास्त झालो असतो. पण कड मुडपली की रंग फुटतो आणि गाडी नवीन. दत्तोबा म्हणाला, ऱ्हाऊ दे. मीही म्हटलं, ऱ्हाऊ दे.

"तिघंच जायचं," मी बजावलं. "तुमी, वयनी आन मी. गाडी मीच चालवणार. कपड्याची पिशवी सोडून सामान नाय. कळलं?"

"कळलं की भाऊ."

निघायच्या दिवशी येडगावला त्यांच्या अंगणात गाडी उभी केली. ताराबाई वॉकर टेकत आली. गोरटेली, अंगानं थोराड बाई, कपाळावर घामाचे थेंब. दाराशी आल्यावर पाठ फिरवून उभी राहिली आणि डोळे मिटले. दत्तोबा पुढं झाला तसं तिनं हातानंच थांब म्हणून सांगितलं. एक पाऊल मागं. आणखी एक. मग हळूच टेकली. सीट बरोबर तिथं होती जिथं असायला पाहिजे. "अगं बाई, बसले की मी!" ती म्हणाली, आणि अंगणातल्या झाडून साऱ्या बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. आयुष्यात मी कितीतरी इंजिनं खोलून बसवली, पण त्या सकाळसारखी छाती कधी फुगली नाही.

नारायणगाव, मंचर, घोडेगाव. गाडी पाण्यासारखी चालली होती. ताराबाई खिडकीतून बघत होती आणि मधेच एखाद्या झाडाला ओळखत होती. डिंभ्याच्या पुढं रस्ता चढाला लागला. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाली धरणाचं पाणी. पहिल्या वळणाला माझ्या कानावर तो आवाज आला. खर्र.

गाडी अजून हळू केली. दुसऱ्या वळणाला पुन्हा खर्र, जरा लांबलेलं. मग रबराचा वास. दत्तोबानं नाक वर केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी गाडी बाजूला घेतली, चाकांना धोंडे लावले आणि मागं जाऊन वाकलो. डाव्या टायरच्या खांद्यावर लांबलचक चर पडला होता आणि त्यात तार चमकत होती.

माझं डोकंच चालेना. दोन फेऱ्या घेतल्या, गेरू लावून बघितलं, मग आता कसं काय लागतंय? मागचं दार उघडलं. तिथं एक गोधडी नीट पसरून ठेवलेली. गोधडी ओढली तर खाली गव्हाची भरलेली गोण, गुळाची ढेप आणि एक भलामोठा भोपळा.

"दत्तोबा!" मी असा ओरडलो की समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले. "हे काय हाय? काय बजावलं व्हतं मी तुमाला?"

दत्तोबा खाली मान घालून उभा. उत्तर आतून आलं. "त्यांना बोलू नका भाऊ. मीच ठेवाया लावलंय. इतक्या वर्सांनी माहेराला चाललीया, हात हलवत कशी जाऊ? तिकडं भात आन नाचणी. गहू मिळत न्हाई. आईला लापशी लई आवडती."

राग कुणावर काढणार? आमच्याकडची कुठली लेक माहेरी रिकाम्या हातानं गेलीय? हलवायाचं वजन मी धरलं होतं, माहेरचं वजन धरायचं राहून गेलं होतं.

स्टेपनी लावायला घेतली आणि दुसरा घाम फुटला. स्टेपनी होती गाडीबरोबर आलेली, जुन्या मापाची, रुंद. मी टायर चार बदलले होते. ती लावली तर कडेला आणखीच चिकटणार. पण दुसरं होतं काय? मोबाईल नुकते आले होते, दत्तोबाच्या खिशात एक होता, पण त्या डोंगरात त्याचा उपयोग वेळ बघण्यापुरता. ताराबाईला उतरवायचं तर खाली टेकायला जागा नाही, रस्त्याला उतार. म्हणून तिच्यासकटच गाडी जॅकवर उचलली. मी चाक काढलं तेव्हा गाडी किंचित हलली. बघितलं तर बाईनं दत्तोबाचा हात घट्ट धरलेला आणि ओठ नुसते हलत होते. चाक बसवून शेवटचा नट आवळेपर्यंत मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही.

पुढं गोगलगायीसारखे निघालो. दत्तोबा खाली उतरून गाडीबरोबर चालत होता, कान चाकाशी. "लागलं... लागलं... सुटलं... लागलं." मला ते ऐकवेना. ही स्टेपनी गेली की संपलं. वर जाता येणार नाही, खाली जाता येणार नाही, आणि दिवसातून एखाददुसरी येणारी एसटी ताराबाईच्या काय कामाची? तिला तर पायरीच चढता येत नाही. आई वर आणि लेक अर्ध्या वाटेत, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

एका वळणावर चार घरांची वस्ती लागली. एका घरापुढं मांडव. मी तिथंच थांबलो. गव्हाची गोण उतरवून मांडवाच्या कडेला ठेवली. अंगठाभर जागा मोकळी झाली, पण वरचा रस्ता याहून वाईट. कड मुडपायलाच हवी होती. गॅरेजमध्ये माझ्याकडे त्यासाठी गोल लाकडी दांडका असायचा, जाड, शिसवीचा. तो चाक आणि कडेच्या मधे घालायचा आणि गाडी हातानं बोटबोट पुढं-मागं ढकलायची. चाक फिरलं की दांडका लाटण्यासारखा फिरतो आणि कड आत दाबून बसवतो. दांडका ओतूरला राहिला होता. इथं कुठून आणायचा?

मांडवात बघितलं आणि माझे डोळे तिथंच अडकले. दोन मुसळं उभी होती. भात कांडून कांडून गुळगुळीत झालेली, बरोबर त्याच जाडीची. दोन्ही एकत्र बांधलेली, आंब्याची पानं, हळकुंड, सुताचा धागा. घाणा भरायची मुसळं. सकाळीच पाच सुवासिनींनी या मुसळांनी लग्नाची हळद कांडली असणार.

नवऱ्या मुलीची आई हाताला हळद लागलेलीच बाहेर आली. मी काय हवं ते सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"घाण्याचं मुसळ? चाकाखाली घालाया?"

"खाली नाय, चाकाच्या वर. कडेला."

"डोकं ठिकाणावर हाय का पावणं? उद्या माज्या पोरीचं लगीन हाय! आन चाकाच्या घाणीत मुसळ?" तिचा आवाज चढला तसे मांडवातले पुरुष उठून आले.

"दुसरं एखादं असंल तर..."

"दुसरं न्हाई. असतं तरी दिलं नसतं."

तिचं चुकत नव्हतं. मुसळाला आपल्याकडे पाय लावत नाहीत, तिथं मी लग्नातलं मुसळ मागत होतो. मी मागं फिरलो. तेवढ्यात व्हॅनमधून ताराबाईचा आवाज आला. "ऱ्हाऊ द्या भाऊ. शुभकार्यातलं मागू नये. बाई, राग नका धरू."

ती बाई थबकली. व्हॅनच्या दाराशी गेली, आत वाकून बघितलं. "कुणाची गं तू?"

"तळेघरच्या काशीबाईची. तारा."

"किसनची बहीण? तूच व्हय?" बाईचा आवाज एकदम खाली आला. "अगं, किसन परवा सामानाला खाली आला व्हता. म्हातारीनं भाकर सोडलीया म्हणला. नुसतं पाणी." मग तिला कळलं की हे बोलायला नको होतं. ताराबाईच्या तोंडावरचा रंग उडाला. तिनं दाराची कड धरली आणि म्हणाली, "मला उतरवा. मी चालत जाते." वॉकर धरून घरातल्या घरात फिरणारी बाई!

मुलीची आई मांडवात गेली. तिनं धागा सोडला, पानं काढून ताटात ठेवली, हळकुंड पदरात बांधलं. मुसळाला कुंकू लावलं आणि दोन्ही हातांवर आडवं धरून माझ्यापुढं आणलं. "धागा परत बांधता येतो. पर मुसळाला पाय लावू नको, सांगून ठेवते."

एरवी मी दांडका पायानं दाबून धरायचो. आता हातानं धरणं आलं. म्हणजे बोटं चाक आणि पत्र्याच्या मधोमध. ताराबाई अजून उतरवा म्हणत होती. मी म्हटलं, "वयनी, तुमी मुळीच हलायचं नाय. तुमच्या वजनावरच हे काम होणार हाय. तुमी उतरल्या तर मुसळ सैल पडंल." ती रडता रडता ताठ बसली.

दत्तोबा आणि मांडवातले पुरुष गाडीला भिडले. मी उताणा पडून मुसळ धरलं. टोकाचं लोखंडी कडं टायरपासून लांब ठेवायचं, नाहीतर तेच टायर फाडील. "हळू... पुढं... थांबा! मागं... अजून थोडं..." पत्रा करकरला. एकदा कुणीतरी जोरात रेटा दिला, मुसळ उडालं आणि माझा अंगठा सापडला. डोळ्यापुढं काजवे चमकले. "काय झालं?" दत्तोबा ओरडला. "काय नाय, ढकला." अंगठा दाखवला असता तर सगळे थांबले असते. नवा रंग पापडासारखा तडकून माझ्या तोंडावर पडत होता. डाव्या बाजूची कड पूर्ण आत बसेपर्यंत ढकलाढकली चालली, मग उजवीकडं तेच. शेवटी मी चाकावरून बोट फिरवून बघितलं. बोट मोकळं फिरलं.

मुसळ धुऊन दिलं, पण टायरचा काळा पट्टा निघाला नाही. मी ओशाळलो. बाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू नीघ आता." गव्हाची गोण तुमालाच ठेवा म्हटलं, तर ती घ्यायला तयार नाही. एक पोतं रिकामं करून त्यात चार पायल्या गहू काढले आणि ताराबाईच्या पायाशी ठेवले. "लापशीपुरतं ने. बाकीचं किसन न्हील." त्याला मी नाही म्हणू शकलो नाही.

वरचा रस्ता मी कसा काढला ते विचारू नका. प्रत्येक खड्ड्याला दत्तोबा कान देत होता आणि दर वेळी म्हणत होता, "न्हाई लागलं."

तळेघरला किसनचं घर रस्त्यापासून वर, भातखाचरांच्या पलीकडं. तिथं गाडी जाण्याचा प्रश्नच नव्हता. खुर्चीत बसवून ताराबाईला वर न्यायचं असं ठरलं होतं, आणि तिनं मनाविरुद्ध ते कबूल केलं होतं. मी हॉर्न वाजवला. वर दाराशी किसन दिसला आणि आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. दत्तोबानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं नाही. ताराबाईनं बांधाच्या वाटेवरची नजर हलवली नाही.

मग किसन बाहेर आला. पाठीवर घोंगडं होतं. बांधावरून सावकाश पाय टाकत खाली उतरायला लागला. जवळ आला तेव्हा कळलं की घोंगड्यात काशीबाई आहे. "हार्न ऐकला आन ऐकंचना," तो धापा टाकत म्हणाला. "मलाच न्हे म्हणाली. ताराला चढ चढवू नगं."

गाडी खाली होती म्हणून त्याला काही करावंच लागलं नाही. नुसता पाठमोरा वाकला आणि म्हातारी अलगद ताराबाईच्या शेजारी सीटवर टेकली. तिनं हात पुढं करून लेकीचं तोंड चाचपलं. "तारे," ती म्हणाली, "जेवलीस का गं?"

ताराबाईनं तिला कुशीत ओढलं. तिचं रडणं मला आजही ऐकू येतं.

गाडीत कुणी बसलं की माझी नजर मागच्या चाकावर जाते, ही माझी जन्माची खोड. माणूस बसलं की पत्रा खाली येतो. लहान पोर चढलं तरी पेरभर फरक पडतो. म्हातारीला किसननं आत बसवलं तेव्हाही मी चाकाकडंच बघत होतो. पत्रा जागचा हलला नाही.

दत्तोबा हळूच जवळ आला. "भाऊ, घासतंय का?"

"नाय," मी म्हटलं. "काय बी वजन नाय त्यांना."

मग आम्ही दोघं गाडीकडं पाठ करून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो.